पांढऱ्या पेशी जंतूला ओळखतात कशा, गिळतात कशा? आणि सातपुड्यातल्या काही लेकरांचा ताप इतका घाईचा का असतो?

एक जुना काळा-पांढरा व्हिडिओ दर काही महिन्यांनी फेसबुक-इन्स्टावर फिरत असतो. तुम्हीही पाहिला असेल. रक्तातली एक पांढरी पेशी लाल पेशींच्या गर्दीतून वाट काढत एका इवल्याशा जंतूच्या मागे लागलेली असते. जंतू डावीकडे वळला की ती डावीकडे वळते, उजवीकडे गेला की उजवीकडे. शेवटी ती त्याला गाठते आणि गिळून टाकते. खाली कमेंट असतात: "भाई, काय पाठलाग आहे!"

हा व्हिडिओ खरा आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी तो सूक्ष्मदर्शकातून चित्रित केला होता. पेशीचं नाव न्यूट्रोफिल आणि जंतूचं नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. गळू होतं ते बहुतेक वेळा याच जंतूमुळे.

पण व्हिडिओ पाहून एक प्रश्न पडायला हवा. त्या पेशीला डोळे नाहीत, मेंदू नाही. आजूबाजूला शेकडो लाल पेशी आहेत, त्यांना ती धक्काही लावत नाही. मग नेमका जंतूच शत्रू आहे, हे तिला कळतं कसं?

हा प्रश्न फक्त विज्ञानाच्या पुस्तकातला नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर अशी काही लेकरं आहेत, ज्यांच्या शरीरात ओळखण्या-गिळण्याच्या या साखळीची एक महत्त्वाची कडी तुटलेली असते. जळगाव शहरातल्या घरात ज्या तापाला "बघू सकाळी" म्हणून चालून जातं, तोच ताप या लेकरांसाठी काही तासांचा खेळ ठरू शकतो. असं का होतं ते समजायला आधी साखळी समजून घेऊ.

हे गिळणारे आहेत तरी कोण?

ताप आला की डॉक्टर सीबीसी करायला सांगतात. त्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या खाली "न्यूट्रोफिल्स 60 टक्के" असं काहीतरी लिहिलेलं असतं. हेच आपले पहिल्या फळीतले गिळणारे. मोठ्या माणसाच्या हाडांच्या मगजात रोज सुमारे 100 अब्ज, म्हणजे 10 हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. त्यांचं आयुष्य फार थोडं असतं. रक्तात ते काही तास ते फार तर एखाददोन दिवस राहतात, लढतात आणि मरतात. जखमेतून येणारा पू म्हणजे मुख्यतः अशा मेलेल्या न्यूट्रोफिल्सचा ढीग.

दुसरे गिळणारे म्हणजे मॅक्रोफेज. नावाचा अर्थच "मोठा खाणारा". हे सहसा एका जागी मुक्काम ठोकून राहतात. फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत, त्वचेखाली यांची ठाणी असतात. न्यूट्रोफिल म्हणजे बोलावलं की धावत येणारी कुमक आणि मॅक्रोफेज म्हणजे गावातच राहणारा जागल्या. जागल्याला आधी चाहूल लागते, तो हाक मारतो आणि मग कुमक येते.

डोळे नाहीत, मग जंतू दिसतो कसा?

पेशी बघत नाही, ती चाचपते आणि वास घेते. वास म्हणजे रसायनांची चाहूल.

जंतूंची प्रथिनं बनवण्याची पद्धत आपल्यापेक्षा थोडी वेगळी असते. माळ ओवताना पहिला मणी ते एका खास खुणेचा घालतात. आपल्या पेशी आपली प्रथिनं बनवताना ती खूण वापरत नाहीत. (पेशीतली मायटोकॉन्ड्रिया तेवढी वापरतात, पण ती पेशीच्या आत बंद असतात.) त्यामुळे या खुणेचे तुकडे पेशींच्या बाहेर सापडले, तर तिथे जंतू आहेत किंवा एखादी पेशी फुटली आहे, असा त्याचा अर्थ. न्यूट्रोफिलच्या अंगावर हा तुकडा ओळखणारे ग्राहक असतात. ज्या बाजूला वास जास्त, त्या बाजूला पेशी सरकते. व्हिडिओतला पाठलाग हा असाच चालतो.

जवळ गेल्यावर दुसरी ओळख पटते. जंतूच्या भिंतीत काही पदार्थ असे असतात, जे माणसाचं शरीर कधीच बनवत नाही. जंतू कितीही बदलले तरी त्यांना ते सहजासहजी सोडता येत नाहीत, कारण भिंतच त्यांची बनलेली असते. मॅक्रोफेजच्या अंगावर हे पदार्थ चाचपणारे "टोल-सारखे ग्राहक" असतात. 1996 मध्ये ज्यूल्स हॉफमन यांना फळमाशीत आणि 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांना उंदरात या ग्राहकांचं काम लक्षात आलं. त्यासाठी दोघांना 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आणि आपल्या पेशींना धक्का का लागत नाही? कारण आपल्या पेशी अंगावर "मी घरचाच आहे, मला खाऊ नको" अशी पाटी बाळगतात. या पाटीचं नाव सीडी-47. लाल पेशी म्हातारी झाली, खराब झाली की तिच्यावरच्या खुणा बदलतात आणि मग मॅक्रोफेज तिलाही गिळतो. तेही त्याचं रोजचं काम आहे.

तारामासा, संत्र्याचा काटा आणि परळ

पेशी जंतूंना गिळतात हे सगळ्यात आधी ठामपणे मांडलं इल्या मेचनिकॉफ या रशियन साम्राज्यातल्या प्राणीशास्त्रज्ञानं. साल 1882, जागा इटलीतलं मेसिना. त्यांनी ताऱ्यासारख्या समुद्री जीवाच्या, म्हणजे तारामाशाच्या, काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात छोट्या संत्र्याच्या झाडाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. परक्या वस्तूवर शरीर स्वतःहून चालून जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

या मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेग पसरला असताना त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

त्या काळी शास्त्रज्ञांचे दोन गट पडले होते. एक गट म्हणायचा, जंतूंना पेशी मारतात. दुसरा म्हणायचा, पेशी नाही, रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम मारतं. भांडण बरीच वर्षं चाललं. दोघंही अर्धे बरोबर होते. ते दोन अर्धे जुळतात कसे, हे समजायला आपल्याला जळगावच्या जेवणाच्या ताटाकडे यावं लागेल.

कोरडी भाकरी आणि भरीत

प्रत्येक जंतू सहज गिळता येत नाही. न्यूमोकोकस घ्या. न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तातला जीवघेणा संसर्ग करणारा हा जंतू. तो स्वतःभोवती साखरेच्या रेणूंचं एक गुळगुळीत, बुळबुळीत आवरण गुंडाळून घेतो. भिंतीवरच्या ओळखीच्या खुणा त्याखाली झाकल्या जातात. मॅक्रोफेज हात लावायला जातो आणि जंतू निसटतो. ओल्या साबणाची वडी पकडायला गेल्यावर होतं, तसंच.

1903 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये आल्मरॉथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी एक साधा प्रयोग केला. (हेच राइट काही वर्षांपूर्वी प्लेग कमिशनचे सदस्य म्हणून हिंदुस्थानात येऊन गेले होते.) पांढऱ्या पेशी त्यांनी स्वच्छ धुतल्या, सीरम पूर्ण काढून टाकलं आणि त्यांच्यासमोर जंतू ठेवले. पेशींनी फारसे खाल्ले नाहीत. मग त्यात सीरम घातलं आणि पेशींनी जंतूंवर ताव मारला.

म्हणजे सीरममध्ये असं काहीतरी होतं, जे जंतूला चिकटून त्याला खाण्याजोगं बनवत होतं. राइट यांनी त्याला नाव दिलं "ऑप्सोनिन". हे नाव ज्या घराण्यातल्या ग्रीक शब्दावरून आलं तो शब्द आहे "ऑप्सॉन". प्राचीन ग्रीक माणूस भाकरी-पावाबरोबर जे काही खायचा ते ऑप्सॉन. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे: तोंडी लावणं.

खानदेशात कळण्याची भाकरी कोरडी कुणी खातं का? सोबत भरीत पाहिजे, ठेचा पाहिजे, निदान कांदा तरी. मग भाकरी कधी संपते कळत नाही. पेशींचंही तसंच. कोरडा जंतू गळ्याखाली उतरत नाही, तोंडी लावणं मिळालं की पटापट उतरतो.

हे तोंडी लावणं मुख्यतः दोन प्रकारचं असतं. पहिलं म्हणजे अँटिबॉडी. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं हे प्रथिन. वायचे दोन हात जंतूला पकडतात आणि शेपूट बाहेर राहते. ही शेपूट पकडण्यासाठी गिळणाऱ्या पेशींवर खास कड्या असतात. साबणाच्या वडीला दोरा बांधला की ती निसटत नाही, असा हा प्रकार. दुसरं म्हणजे "कॉम्प्लिमेंट" नावाची रक्तातली प्रथिनं. त्यातलं सी-3-बी हे प्रथिन जंतूच्या अंगावर डिंकासारखं चिकटून बसतं आणि त्यासाठीही पेशीवर वेगळ्या कड्या असतात.

म्हणजे सीरम खूण लावतं आणि पेशी खूण बघून गिळते. पेशीवाल्या मेचनिकॉफ यांना आणि सीरमवाल्या पॉल एर्लिक यांना 1908 चं नोबेल एकत्रच मिळालं, ते योग्यच झालं म्हणायचं.

गिळलं, मग पुढे?

खूण सापडली की पेशीचा पृष्ठभाग जंतूच्या दोन्ही बाजूंनी वर चढू लागतो. एक कडी अडकली, शेजारची अडकली, त्याच्या पुढची अडकली, अशी चेन लावल्यासारखी पेशी जंतूभोवती बंद होते. आतून ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या काड्या तिला पुढे ढकलतात. काही मिनिटांत जंतू पेशीच्या आत, एका बंद पिशवीत असतो.

मग या पिशवीला दुसऱ्या पिशव्या येऊन मिळतात. त्यांत आम्ल आणि पाचक रसायनं असतात. न्यूट्रोफिल आणखी एक काम करतो. तो ऑक्सिजनपासून दाहक रसायनं तयार करतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल बनतं. ब्लिचिंग पावडर पाण्यात टाकल्यावर जंतू मारणारा पदार्थ हाच. ग्रामपंचायत विहिरीत जे टाकते, ते आपली पेशी स्वतःच्या पोटात बनवते.

हे बनवायला मदत करणारं न्यूट्रोफिलमधलं एक प्रथिन रंगानं हिरवट असतं. पू किंवा जाड कफ हिरवट दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. म्हणून कफ हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक घ्यायलाच हवं, हा समज बरोबर नाही. तिथे न्यूट्रोफिल जमलेत एवढंच तो रंग सांगतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही ते जमतात.

ही शेवटची पायरी किती महत्त्वाची, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज असलेल्या मुलांच्या पेशी जंतू ओळखतात, गिळतात, पण ही दाहक रसायनं बनवू शकत नाहीत. त्यामुळे गिळलेले काही जंतू आत जिवंतच राहतात आणि मुलाला पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होतो. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था अशा आजारांचं निदान आणि संशोधन करते. हीच संस्था सिकलसेलवरही काम करते.

तर साखळी अशी झाली: चाहूल, ओळख, खूण, गिळणं, मारणं. आता या साखळीत प्लीहा कुठे बसते ते पाहू.

रक्तात उतरलेल्या जंतूला पकडणार कोण?

जंतू जखमेत असेल तर पेशी तिथे गोळा होतात. पण तो वाहत्या रक्तात उतरला तर? रक्त वेगानं धावत असतं. नदीला पूर आला असताना मासा हातानं पकडता येत नाही. त्याला आधी संथ पाण्यात आणावं लागतं.

शरीरात अशी संथ पाण्याची जागा म्हणजे प्लीहा. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणायची. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, मुठीएवढी, मोठ्या माणसात साधारण 150 ग्रॅम वजनाची. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे 5 टक्के वाटा तिच्याकडे जातो. ढोबळ हिशेबानं शरीरातल्या सगळ्या रक्ताएवढं रक्त दर वीस-पंचवीस मिनिटांत तिच्यातून जातं.

प्लीहेत काही रक्त नळीतून बाहेर पडून मॅक्रोफेजनी भरलेल्या जाळीत झिरपतं. तिथे त्याचा वेग एकदम मंदावतो. पुन्हा नळीत शिरायचं तर लाल पेशींना स्वतःपेक्षा खूप अरुंद फटींतून अंग चोरून जावं लागतं. या संथ जाळीत मॅक्रोफेजना प्रत्येक पेशी, प्रत्येक जंतू नीट चाचपायला वेळ मिळतो.

यकृतातही मॅक्रोफेज असतात आणि तेही रक्त गाळतात. पण ज्या जंतूवर भरपूर तोंडी लावणं लागलंय, तो त्यांना लवकर सापडतो. न्यूमोकोकससारखा आवरणवाला जंतू, ज्यावर खूण अगदी कमी आहे, तो पकडण्यात प्लीहा जास्त तरबेज. शिवाय अशा आवरणाविरुद्धच्या अँटिबॉडी झटपट बनवणाऱ्या पेशीही प्लीहेत खास जागी बसलेल्या असतात. म्हणजे खूण लावणारा आणि खूण बघून गिळणारा, दोघं एकाच छपराखाली.

म्हणून ज्यांची प्लीहा गेली, त्यांना या जंतूंचा धोका वाढतो. मोटरसायकलच्या अपघातात प्लीहा फाटून ऑपरेशनमध्ये काढावी लागलेली माणसं आपल्या आसपास असतात. आणि सातपुड्यातली सिकलसेलची लेकरंही याच रांगेत आहेत. त्यांची प्लीहा कुणी काढलेली नसते. ती आतल्या आतच निकामी होत जाते.

सिकलसेलमध्ये प्लीहेचं काय होतं?

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा आजार. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एकच घटक बदललेला असतो. एवढ्यानंही ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात आणि गोल, लवचीक लाल पेशी कडक, विळ्यासारखी वाकडी होते.

आता मघाची जागा आठवा. संथ रक्त, कमी ऑक्सिजन, अरुंद फटी. विळ्यासारख्या पेशीला अडकायला याहून सोयीची जागा शरीरात क्वचितच. बाळ काही महिन्यांचं असतानाच हे अडकणं सुरू होऊ शकतं. रक्तपुरवठा तुटून प्लीहेचे छोटे छोटे भाग मरत जातात. आफ्रिकी वंशाच्या मुलांमध्ये साधारण पाच वर्षांच्या आत बहुतेकांची प्लीहा काम करेनाशी होते. भारतातल्या रुग्णांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे अनेकांमध्ये हे हळूहळू होतं आणि प्लीहा बरीच वर्षं वाढलेली, हाताला लागणारी असते. पण मोठी प्लीहा म्हणजे काम करणारी प्लीहा असं नाही. बंद पडलेली गिरणीही लांबून मोठीच दिसते.

हा आजार महाराष्ट्रात कुठे आणि किती आहे, हे शोधण्यात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत शंभरातले 20 ते 35 जण वाहक आढळले. सातपुड्यातली भिल्ल आणि पावरा वस्ती जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेली आहे.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. आई किंवा वडील, एकाकडूनच बदललेला जनुक आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा काही त्रास नसतो. उलट त्याला गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, आणि म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यात हा जनुक टिकून राहिला. दोघांकडून आला तरच आजार होतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. यात कुणाचा दोष नाही, कुणाची करणी नाही आणि हा आजार शिवल्यानं पसरतही नाही.

काही तासांचा खेळ का?

पोषक वातावरणात न्यूमोकोकससारखा जंतू साधारण अर्ध्या तासात एकाचे दोन होतो. दहा तासांत वीस वेळा दुप्पट. हिशेब करून पाहा: एका जंतूचे 10 लाखांच्या वर. प्रत्यक्षात शरीराचे बाकीचे पहारेकरी काही जंतू मारतच असतात, त्यामुळे आकडा इतका सरळ वाढत नाही. पण प्लीहेचं ठाणं ओस पडलेलं असेल तर वाढीला आवर घालणारा मोठा हात नाहीसा होतो.

संध्याकाळी सात वाजता अंग तापलं. पाड्यावरून रस्ता कच्चा, गाडी नाही, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. धडधाकट मुलाच्या बाबतीत ही रात्र बहुधा निभावते. सिकलसेलच्या मुलाच्या बाबतीत तीच रात्र महागात पडू शकते. ताप दोघांचा सारखा दिसतो, थर्मामीटर दोघांना सारखाच आकडा दाखवतो. फरक आत, गाळणीत असतो.

तुटलेली कडी बाहेरून सांधता येते

आता चांगली गोष्ट. साखळी कुठे तुटली हे कळलं की तिथे ठिगळ लावता येतं. प्लीहा परत आणता येत नाही, पण तोंडी लावणं आधीच तयार ठेवता येतं. लस हेच करते.

न्यूमोकोकसच्या आवरणाविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात आधीपासून हजर असतील, तर जंतू आत येताच त्याच्यावर भरपूर खुणा लागतात. मग यकृतातले मॅक्रोफेज आणि रक्तातले न्यूट्रोफिलही त्याला गिळू शकतात. एक अडचण होती: दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या साखरेच्या आवरणाकडे फारसं लक्ष देत नाही. म्हणून लशीत ती साखर एका प्रथिनाला जोडली जाते, आणि प्रथिनासोबत आलेल्या साखरेला बाळाचं शरीर ओळखू लागतं. हीच पीसीव्ही लस. भारताच्या सरकारी लसीकरणात ती 2017 पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती मोफत मिळते. हिब नावाच्या दुसऱ्या आवरणवाल्या जंतूची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असतेच.

दुसरं ठिगळ पेनिसिलिनचं. 1986 मध्ये अमेरिकेत सिकलसेल असलेल्या तीन वर्षांपर्यंतच्या 215 मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 105 मुलांना रोज पेनिसिलिन दिलं, 110 मुलांना औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात 13 मुलांना न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग झाला आणि तिघं दगावली. पेनिसिलिनच्या गटात संसर्ग दोघांना झाला, दगावलं कुणीच नाही. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला गेला. तेव्हापासून सिकलसेलच्या लहान मुलांना साधारण पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देण्याची पद्धत रूढ झाली.

पण या दोन्हीसाठी आधी मूल सिकलसेलचं आहे हे माहीत हवं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय आणि 2047 हे निर्मूलनाचं उद्दिष्ट आहे. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. तिच्यात काही आढळलं तर पक्क्या निदानासाठी पुढची चाचणी.

मग लक्षात काय ठेवायचं?

सिकलसेलच्या मुलाचा ताप 101 च्या पुढे गेला की घरी वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, 108 ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. पुढची गरज लागली तर धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: "याला सिकलसेल आहे." कार्ड असेल तर दाखवा. तापाची गोळी देऊन आकडा खाली आला तरी जायचंच, कारण गोळी ताप उतरवते, जंतूंची संख्या नाही.

मूल खूप फिकट पडलं, सुस्त झालं, धाप लागली किंवा पोटाच्या डाव्या बाजूची गाठ अचानक वाढली, तर ताप नसला तरी तसंच निघायचं. चालू असलेलं पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड किंवा हायड्रॉक्सियुरिया स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये ज्यांची प्लीहा काढली आहे, त्यांनीही लशींबद्दल आणि तापाबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावं.

आणि "इम्युनिटी बूस्टर"चं काय? काढा प्यायचा तर प्या, घसा शेकून निघेल. पण आता तुम्हाला साखळी माहीत आहे. जंतूच्या आवरणावर नेमकी खूण लावणारी अँटिबॉडी कुठल्याही काढ्यातून येत नाही. ती त्या जंतूची ओळख झाल्याशिवाय बनत नाही. ही ओळख आजार करून देतो, किंवा लस. लशीत धोका कितीतरी कमी असतो.

पुढच्या वेळी तो काळा-पांढरा व्हिडिओ समोर आला, तर पाठलाग जरूर बघा. शेअर करताना सोबत एक ओळ लिहा: "घरात सिकलसेलचं लेकरू असेल, तर त्याच्या तापाला सकाळची वाट बघू नका." चोपडा-शिरपूरच्या एखाद्या पाड्यावरच्या मोबाइलपर्यंत ती ओळ पोहोचली, तर व्हिडिओ सार्थकी लागला.